रिसेप्शनवर सरकवलेली नोट : वाचकांच्या शंका

आम्ही दोघं नोव्हेंबरात मुलाकडे सॅन होजेला जाणार आहोत. तिथून तीन रात्री लास वेगासला राहायचं ठरलंय. मुलगा म्हणतो, चेक-इन करताना पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड यांच्या मध्ये वीस डॉलरची नोट घडी करून ठेवायची आणि 'काही अपग्रेड मिळेल का' असं हळूच विचारायचं. तिथे सगळे असंच करतात म्हणे. ह्यांना ते मुळीच पटत नाही. 'नोकरीत कधी टेबलाखालून पैसे घेतले नाहीत आणि दिले नाहीत, आता साठी उलटल्यावर देऊ?' असं म्हणतात. ही टिप आहे की लाच? आणि त्यानं खोली खरंच मिळते का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

मुलानं सांगितलेली युक्ती खरी आहे, कुणी रचलेली गोष्ट नाही. वेगासमध्ये ती वर्षानुवर्षं चालत आलीय. ती तिथेच का रुजली हे कळलं, की आज ती किती चालते याचा अंदाज तुम्हालाच येईल.

वेगासचं एकेक हॉटेल म्हणजे एक गाव असतं. एमजीएम ग्रँडमध्ये सुमारे पाच हजार खोल्या आहेत, व्हेनिशियन आणि त्याला जोडलेलं पलाझो मिळून सात हजारांच्या वर. इतक्या खोल्यांत एकाच दराच्या दोन खोल्या सारख्या नसतात. एकीच्या खिडकीतून रोषणाईचा रस्ता दिसतो, दुसरीतून पार्किंगच्या इमारतीचं छत. कोणाला कुठली द्यायची हे पूर्वी बरंचसं काउंटरवरच्या माणसाच्या हातात असे. शिवाय त्या काळी हॉटेलची खरी कमाई खाली कसिनोत व्हायची आणि खोली हे गिऱ्हाइकाला जुगाराच्या टेबलापर्यंत आणण्याचं साधन होतं. मोठ्या खेळाडूंना खोली, जेवण सगळं फुकट मिळायचं. जिथे मालकच खोल्या वाटतो, तिथे कारकुनानं एखाद्याला दोन मजले वर चढवलं तर कुणाला खटकणार? त्यात ते शहर रोख पैशाचं. अशा मातीत वीस डॉलरची नोट उगवली नसती तरच नवल.

आता चित्र पालटलंय. वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांचं जुगाराबाहेरचं उत्पन्न, म्हणजे खोल्या, जेवणखाण, कार्यक्रम यांचं, जुगाराच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालं त्याला आता पंचवीसेक वर्षं होत आली. त्यामुळे जो देखावा पूर्वी नशिबानं मिळायचा, त्याची आता वेगळी किंमत लावलेली असते. बेलाजिओमध्ये कारंज्यासमोरची खोली हा स्वतंत्र दर्जा आहे आणि त्याचा दरही स्वतंत्र. काउंटरवरच्या मुलीला ती फुकट द्यायची नसते, जादा पैशांत विकायची असते, आणि विकली तर बऱ्याच हॉटेलांत तिला त्यातला हिस्सा मिळतो. शिवाय अनेक ठिकाणी आता यंत्रावर किंवा फोनवरच चेक-इन होतं. नोट द्यायची म्हटली तरी समोर माणूसच नसतो.

यापेक्षाही मोठं कारण पाहुण्यांना कधी दिसत नाही. तुम्ही काउंटरवर पोचता तेव्हा खोल्यांचं वाटप बहुतेक उरकलेलं असतं. मी मुंबईत विमानतळाजवळच्या हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळायचो. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही त्या दिवशी येणाऱ्यांची यादी घेऊन बसायचो. आधी नेहमीचे पाहुणे, मग कंपन्यांचे, मग ज्यांनी मेल पाठवून काही मागितलंय ते, मग लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेली कुटुंबं. अशा क्रमानं एकेका नावापुढे खोली लागत जायची. साध्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त विकल्या गेल्या असल्या, आणि तसं जवळजवळ रोज असतं, तर काहींना वरच्या दर्जात बसवणं भागच असायचं. कुणाला बसवायचं हेही तेव्हाच ठरायचं. रेल्वेचा चार्ट लागल्यावर टीसीच्या हातात जेवढे बर्थ उरतात, तेवढ्याच खोल्या दुपारी तीन वाजता काउंटरवरच्या मुलाच्या हातात उरतात. तुमची नोट त्या उरलेल्या चारदोन खोल्यांसाठी असते, आणि त्याही नसल्या तर काहीच मिळत नाही.

आता लाच की टिप. हा वाद अमेरिकेलाही नवा नाही. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि पाठोपाठ आणखी पाच राज्यांनी. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले, कारण ते कुणी पाळेचना. आज तिथल्या कित्येक राज्यांत वेटरची टिप ही त्याच्या पगाराचाच भाग झाली आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातून तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. म्हणून तिथे वेटरला टिप न देणं हा अन्यायच होतो. नेवाडात मात्र टिप धरून पगार कापता येत नाही. किमान वेतन सर्वांना सारखं, १ जुलै २०२४ पासून तासाला १२ डॉलर. वेगासच्या काउंटरवरची मुलगी तुमच्या वीस डॉलरवर घर चालवत नाही.

बक्षिसी ही झालेल्या कामाची असते आणि ज्यानं कष्ट घेतले त्याच्या हातात पडते. काउंटरवरची नोट काम होण्याआधी जाते आणि तिच्या बदल्यात जी वस्तू मागितली जाते ती घेणाऱ्याच्या मालकीची नसते, हॉटेलची असते. त्यासाठी नेवाडात तुम्हाला कुणी पकडणार नाही. पण तुमच्या यजमानांना ज्या गोष्टीचा संकोच वाटतो ती खरीच आहे, आणि माझा कौल त्यांच्या बाजूनं. त्यांनी ही नोट देऊ नये.

त्याऐवजी शक्य असेल तर रविवार ते गुरुवार या रात्री निवडा. शुक्रवार-शनिवारी वेगास गच्च भरतं. २०२३ पासून नोव्हेंबरात तिथे फॉर्म्युला वनची शर्यत होते, त्या आठवड्यात तर फिरकूच नका, साध्या खोल्यांचे दरही आभाळाला भिडतात. बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा, कारण मधल्या कंपनीकडून आलेला पाहुणा यादीत सहसा खाली असतो. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी हॉटेलला दोन ओळींचा मेल लिहा : कोण येतोय, किती दिवस, आणि एकच मागणी. चार मागण्या लिहिल्या की एकही पुरी होत नाही. काउंटरवर गेल्यावर मोकळेपणानं विचारा, 'विनामूल्य अपग्रेड शक्य आहे का?' नाही म्हटलं तर हसून 'ठीक आहे, मग वरचा मजला आणि शांत बाजू चालेल' म्हणा. ही दुसरी मागणी फार वेळा पुरी होते, कारण तिला कुणाची परवानगी लागत नाही. आणि खरोखरच कुणी तुमच्यासाठी धडपड केली, तर निघताना सगळ्यांसमोर आभार मानून काही द्या, नाहीतर मॅनेजरला त्या व्यक्तीचं नाव घालून मेल करा. त्या मेलची नोंद राहते आणि बढतीच्या वेळी ती बघितली जाते.

गेल्या वर्षी वेगासला मी ही वीस डॉलरची युक्ती केली. मुलीनं नोट ठेवून घेतली, 'तुम्हाला मोठी खोली देते' म्हणाली. खोली छान होती. पण निघताना बिलात रात्रीमागे चाळीस डॉलर जादा आणि वर आणखी कसलीशी फी. हे फसवणूकच झालं ना? पैसे परत मागता येतील?
— एक वाचक, नाशिक

वीस डॉलर विसरा. ते कुठल्याच पावतीवर नाहीत.

चाळीस डॉलरचं मात्र वेगळं. तुम्हाला जे मिळालं ते फुकटचं अपग्रेड नव्हतं, विकलेलं होतं. 'थोड्याच जास्त पैशांत तुम्हाला मोठी खोली देते' यातला पहिला अर्धा भाग ती भरभर बोलली असेल किंवा गडबडीत तुम्ही ऐकला नसेल. चेक-इनच्या वेळी ज्या कागदावर किंवा पडद्यावर सही केली, त्यावर तो दर असणार. तिथे नसेल, तर हॉटेलला बिलाची प्रत जोडून लिहा आणि फरक परत मागा. सही नसलेला दर मोठी हॉटेलं सहसा ताणून धरत नाहीत.

दुसरी 'कसलीशी फी' म्हणजे रिसॉर्ट फी. वेगासच्या मोठ्या हॉटेलांत ती रात्रीमागे पन्नास डॉलरच्या आसपास असते आणि तिच्यावर खोलीसारखाच, तेराएक टक्के, कर लागतो. पोहण्याचा तलाव, वायफाय, व्यायामशाळा वापरा न वापरा, ती द्यावीच लागते. पूर्वी जाहिरातीत नुसता खोलीचा दर दाखवून ही फी शेवटी काढायचे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झालाय की हॉटेलनं अशा सक्तीच्या फीसकट रक्कम आधीच दाखवली पाहिजे. सरकारी कर त्यातून वगळता येतात, म्हणून अंतिम आकडा तरीही थोडा वर जातो. पुढच्या वेळी कुणीही 'मोठी खोली' म्हणालं की तिथल्या तिथे विचारा : जादा किती, एका रात्रीचे की सगळ्या मुक्कामाचे, कर धरून की सोडून.

हॉटेल मॅनेजमेंट करून मी गोव्यात एका रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवर लागलोय. वीकेंडला पाहुणे आधार कार्डाखाली पाचशेची नोट ठेवून 'सी-व्ह्यू दे ना भावा' म्हणतात. माझे दोन सीनियर घेतात. मी नको म्हटलं तर पाहुण्याचा अपमान होतो, घेतलं तर रात्री झोप लागत नाही. माझा पगार अठरा हजार आहे, हेही खरं. काय करू?
— एक वाचक, पणजी

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अठरा हजारांत गोव्यात भाडं देऊन राहणाऱ्या मुलाला शहाणपण शिकवणं सोपं असतं, म्हणून आधी तुझ्या मालकांबद्दल बोलतो. ज्या रिसॉर्टला रात्रीमागे पाहुण्याकडून दहा-बारा हजार मिळतात, त्यानं डेस्कवरच्या मुलांना अपग्रेड विकण्याबद्दल उघड, लेखी हिस्सा द्यायला हवा. कित्येक हॉटेलांत तो मिळतो. तुझ्याकडे नसेल तर तू आणि तुझ्या पाळीतल्या मुलांनी फ्रंट ऑफिस मॅनेजरकडे तो मागा. पाचशेच्या चोरट्या नोटेपेक्षा महिन्याच्या पगारपत्रकावर दिसणारे तीन हजार बरे. कर्ज काढायला गेलास की बँकेला तेच दिसतात.

आता काउंटरवरचा तो क्षण. आमच्याकडे जुलैतल्या एका रात्री पावसानं विमानं रद्द झाली आणि लॉबीत ओल्या बॅगांचा ढीग लागला. एका गृहस्थांनी रजिस्ट्रेशन कार्डाखाली नोटा सरकवल्या. डेस्कवरच्या मुलीनं कार्ड उचललं, नोटा दोन बोटांनी तशाच त्यांच्याकडे फिरवल्या आणि म्हणाली, 'सर, हे तुमचं राहिलं. मी आत्ता बघते काय करता येतं ते.' आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. 'तुमचं राहिलं' या दोन शब्दांनी समोरच्याला मागे यायला सन्मानाची वाट मिळाली. हे वाक्य तू उचल. नंतर खोली असली तर द्यायची, नसली तर नाही म्हणायचं, पण पैशाशी तिची गाठ पडू द्यायची नाही.

कुणी निघताना, काम झाल्यावर, मनापासून काही दिलं तर घे आणि टिप बॉक्समध्ये टाक. बॉक्स नसेल तर तो ठेवायला सांग आणि त्यात हाउसकीपिंगचा वाटा धरायला सांग. सीनियरांच्या वाटेला जाऊ नकोस, त्यांच्याविषयी चुगलीही करू नकोस. पण त्यांनी दिलेल्या अपग्रेडची नोंद तुझ्या लॉग-इननं होऊ देऊ नकोस. संगणकात कोणी, केव्हा, कुणाची खोली बदलली हे मिनिटासकट राहतं आणि महिनाअखेर हिशेब बघताना ऑडिटर तेच बघतो. पासवर्ड कुणालाही देऊ नकोस. नव्या मुलांच्या नोकऱ्या बहुधा स्वतःच्या पापानं जात नाहीत, दुसऱ्यानं वापरलेल्या पासवर्डनं जातात.

मग टिप द्यायची तरी कुणाला आणि किती?
— एक वाचक, डोंबिवली

खोली साफ करणाऱ्या बाईला किंवा मुलाला. सगळ्यात आधी तिथे.

हॉटेलात सर्वांत कष्टाचं काम ते करतात आणि पाहुण्याला ते दिसतच नाहीत. आपल्याकडच्या शहरी हॉटेलात एका पाळीत एका माणसाच्या वाट्याला साधारण चौदा ते सोळा खोल्या येतात. जाड गादी उचलून चादर खोचायची, बाथरूम गुडघ्यावर बसून पुसायचं, आणि अर्ध्या तासात पुढच्या दारावर. कंबर आणि खांदे जातात ते याच कामात. तुम्ही काउंटरवर हट्ट करून मोठा स्वीट मिळवलात, तर त्या वाढीव खोल्या, दोन बाथरूम आणि काचेची भिंत पुसणारे हात तेच. वेगासमध्ये कलिनरी युनियनच्या कामगारांनी २०२३ च्या नोव्हेंबरात मोठ्या कसिनो कंपन्यांशी जो करार मिळवला, त्यात रोजच्या रोज खोली साफ करण्याचं कलम होतं. बाहेरच्याला आश्चर्य वाटेल की काम वाढावं म्हणून कामगार का भांडले. पण रोज साफ न केलेली खोली तीन दिवसांनी साफ करायला दुप्पट घाम लागतो, आणि कामाचे तास कापले जातात ते वेगळेच.

अमेरिकेत रात्रीमागे तीन ते पाच डॉलर ठेवतात. आपल्याकडे मध्यम हॉटेलात पन्नास-शंभर रुपये ठीक. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, रोज ठेवा, कारण माणसं पाळीपाळीनं बदलतात आणि शेवटच्या दिवशी भलत्याच्याच हाती पडतात. नोटेखाली 'हाउसकीपिंगसाठी, आभार' असं लिहिलेला कागद ठेवा. नुसती टेबलावर पडलेली नोट प्रामाणिक माणूस उचलत नाही, आणि उचलली तर त्याच्यावर आळ येऊ शकतो. मॅरियटनं २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात खोल्यांमधून यासाठी लिफाफे ठेवले होते. 'पाहुण्याकडे हात पसरायला लावण्यापेक्षा पगार वाढवा' अशी टीका तेव्हा झाली, आणि ती रास्त होती. पण पगार वाढेपर्यंत आपली नोट ठेवायला काय हरकत आहे?

सामान वाहणाऱ्याला नगामागे, गाडी लावून आणून देणाऱ्याला गाडी हातात मिळाल्यावर. रिसेप्शनला द्यायचा रिवाज अमेरिकेतही नाही.

महाबळेश्वरला सात हजारांची खोली घेतली होती. रिसेप्शनवर म्हणाले, 'हजार रुपये जादा द्या, व्हॅली-व्ह्यू देतो.' दिले. बिल आलं तेव्हा हजाराच्या जागी दोन हजारांच्या वर फरक! भांडलो, पण त्यांनी 'जीएसटी' एवढंच सांगितलं. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

बरोबर आहे. आणि हे रिसेप्शनवरच्या माणसानं तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर अठरा. हा कर वरच्या हजारावर लागत नाही, सबंध खोलीवर लागतो. तुमची सात हजारांची खोली करासकट ७,३५० ला पडली असती. आठ हजारांची झाली आणि अठरा टक्क्यांच्या घरात गेली : ९,४४०. हजाराच्या अपग्रेडला तुम्ही २,०९० मोजले, तेही एका रात्रीचे.

अशा वेळी आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. 'कर सोडून साडेसात हजारात बसेल का?' असं विचारा. बसलं तर ५०० च्या अपग्रेडला करासकट ५२५ च जातील, बिल होईल ७,८७५. हॉटेललाही हे सोयीचं असतं, कारण खोली रिकामी राहण्यापेक्षा पाचशे बरे. मात्र 'साडेसातचं बिल करतो, वरचे पाचशे रोख द्या' असं कुणी म्हणालं तर तिथे थांबा. तो करचुकवेगिरीचा मामला आहे आणि पुढे खोलीत काही बिनसलं तर तुमच्या हातात त्या पाचशेचा पुरावा नसेल.

मिळतं-जुळतं म्हणून सांगतो : फुकट अपग्रेडसाठी महाबळेश्वर, लोणावळा, अलिबाग या जागा सोमवार ते गुरुवार गाठाव्यात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल किंवा पुण्यात हिंजवडीची व्यापारी हॉटेलं नेमकी उलटी. कंपन्यांची माणसं शुक्रवारी घरी परततात आणि शनिवारी-रविवारी वरच्या दर्जाच्या खोल्या रिकाम्या पडतात. एका रात्रीचा पाहुणा असाल तर आणखी सोपं, कारण चार रात्रींसाठी स्वीट अडकवायला कुणी तयार नसतो.

कोकणात एका शासकीय विश्रामगृहात तिथल्या माणसानं 'साहेबांचा सूट उघडून देतो, बघा काय ते' असं सुचवलं. खासगी हॉटेलात आपण देतोच, मग इथे दिलं तर काय?
— एक वाचक, सातारा

देऊ नका. नोट तीच असली तरी इथे कायदा वेगळा आहे. शासनाचा किंवा सरकारी महामंडळाचा नोकर हा लोकसेवक असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लोकसेवकाला गैरवाजवी कामासाठी पैसे देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्याकडून जबरदस्तीनं घेतले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवल्यास संरक्षण आहे.

आणि व्यवहाराचंही बघा. विश्रामगृहात आरक्षण बांधकाम विभागाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनं होतं आणि मंत्री-अधिकाऱ्यांना अग्रक्रम असतो. पैसे मोजून उघडलेल्या सूटमधून रात्री अकराला बायकामुलांसह बाहेर पडायची पाळी येऊ शकते, आणि तेव्हा दाद कुणाकडे मागणार? खानसाम्यानं माशाचं कालवण चांगलं केलं असेल तर तोंडभरून सांगा, जेवणाचे पैसे द्या, पावती घ्या.

जपानला निघालोय. तिथे काउंटरवर काही द्यावं का?
— एक वाचक, ठाणे

नाही. नम्रपणे परत करतील आणि दोघंही अवघडाल. मोठ्या हॉटेलांच्या बिलात दहा ते पंधरा टक्के सेवाशुल्क बहुधा धरलेलंच असतं. पारंपरिक र्‍योकानमध्ये उतरलात, तर खोलीत चहा-जेवण आणून देणाऱ्या बाईंना पाकिटात घालून थोडे येन देण्याची जुनी रीत आहे. पण तीही ऐच्छिक आहे आणि नोट कधीही उघडी द्यायची नाही. खोली बदलून घेण्याशी तिचा काही संबंध नाही.

हनीमून किंवा लग्नाचा वाढदिवस आहे असं सांगितलं की खोली मोठी मिळते म्हणतात. नसला तरी सांगायला काय जातं?
— एक वाचक, मुलुंड

ज्यांचा खरंच असतो त्यांचं जातं. रोज संध्याकाळी आमच्याकडे अर्ध्या लॉबीचा लग्नाचा वाढदिवस असायचा, आणि मग डेस्कवरची मुलं कुणावरच विश्वास ठेवेनाशी व्हायची. बचतीतून पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात आलेल्या एखाद्या जोडप्याला त्यामुळे साधा केकसुद्धा मिळत नाही. खरा असेल तर बुकिंग करतानाच लिहा. म्हणजे सकाळच्या यादीत नावापुढे खूण होते.

मी बहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मुलगी कौतुकानं मोठ्या हॉटेलात नेते आणि काउंटरवर हटकून अपग्रेड मागते. मागच्या खेपेला मिळालंही, पण मला फार त्रास झाला. तिला सांगितलं तर वाईट वाटेल. काय करावं?
— एक वाचक, सांगली

आजी, तुमचा त्रास मला पत्र न वाचताही कळला असता. मोठे स्वीट बहुतेक मजल्याच्या टोकाला असतात, कारण कोपऱ्यात दोन बाजूंना खिडक्या काढता येतात. म्हणजे लिफ्टपासून सर्वांत लांब. जुन्या हॉटेलांत त्या खोल्यांना शोभेचा बाथटब असतो आणि शॉवर त्याच्यातच, म्हणजे रोज दीड फुटाचा काठ ओलांडायचा. त्यात ओला संगमरवर. पलंगही उंच. तुमच्यासारख्यांना हे अपग्रेड म्हणजे शिक्षाच.

लेकीला हे पत्र वाचायला द्या, म्हणजे तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. ताई, बुकिंगच्या वेळीच हॉटेलला लिहा : लिफ्टजवळची खोली, उभ्यानं अंघोळीचा सपाट शॉवर, भिंतीला धरायला दांडी, आणि बाथरूममध्ये टेकायला स्टूल. मोठ्या हॉटेलांत अशा थोड्या खोल्या मुद्दाम केलेल्या असतात, पण मागितल्याशिवाय त्या कुणालाही जातात. त्या मागताना संकोच करू नका, त्याचे पैसेही पडत नाहीत. परदेशी गेलात तर मजल्याचा आकडा नीट विचारा. अमेरिकेत 'पहिला मजला' म्हणजे तळमजला, ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच एक जिना वर.

आणि काउंटरवर कुणी स्वतःहून मोठी खोली देऊ केली, तर चावी घेण्याआधी लिफ्टपासून किती लांब आणि अंघोळीला टब आहे का, एवढं विचारा. उत्तर पटलं नाही तर 'आईला आधी ठरलेलीच द्या' म्हणून सांगा. डेस्कवरचा मुलगा जराही नाराज होणार नाही, त्याची एक मोठी खोली मोकळी राहील.